तीनशेचा प्लॅन आणि चपलांच्या कपाटातला डबा

पत्र : नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळच्या एका टॉवरमध्ये राहतो. टू बीएचके, चौदावा मजला. मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. चार वर्षं १०० एमबीपीएसचा प्लॅन होता. गच्चीवरून आलेली लॅनची वायर, हॉलमध्ये टीव्हीच्या वर आम्हीच विकत घेतलेला राऊटर. कधी तक्रार नव्हती. दिवाळीच्या ऑफरमध्ये त्याच कंपनीचा ३०० चा प्लॅन घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. फायबर टाकायला आलेल्या मुलाने नवा डबा (फायबरचा मोडेम आणि वायफाय एकातच) मुख्य दाराजवळ चपलांच्या कपाटात बसवला, दारापासून हॉलपर्यंतची जुनी वायर त्याला जोडली आणि 'आता हा लागत नाही' म्हणून आमचा राऊटर काढून हातात दिला. तो माळ्यावर आहे.

तेव्हापासून बेडरूममध्ये कसाबसा १८ स्पीड. हॉलमधल्या वायरला लॅपटॉप लावला तर ९४, कधीही बघा, ९४. रात्री नऊनंतर सासूबाईंच्या मालिकेवर चक्र फिरत बसतं. मीटिंगमध्ये लोक म्हणतात, आवाज तुटतोय. टेक्निशियन आला, डब्याशेजारी उभं राहून स्वतःच्या फोनवर ३१० दाखवले, 'मॅडम, स्पीड फुल येतोय, मेट्रोच्या खोदकामामुळे मधेच स्लो होतं' म्हणाला, ओटीपी घेतला आणि गेला. कस्टमर केअर म्हणतं, ५०० चा प्लॅन घ्या. नवरा म्हणतो, चांगलं चाललेलं कशाला हलवलंस? मी काय करू? ५०० चा घेऊ, की सरळ दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, तक्रार करू?
– वैतागलेली, कासारवडवली

उत्तर :

ताई, ५०० चा घेऊ नका. आज बेडरूममध्ये १८ येतो, ५०० घेतल्यावरही १८ च येईल. वाढेल ते बिल, आणि त्यावरचा जीएसटी.

टेक्निशियन खोटं बोलला नाही. ३१० खरंच येतात, पण चपलांच्या कपाटापर्यंत. तुमच्या पत्रात तीन आकडे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागांचे आहेत : डब्याशेजारी ३१०, हॉलच्या वायरला ९४, बेडरूममध्ये १८. आपली जबाबदारी पहिल्या आकड्यापाशी संपली असं कंपनी धरून चालते आणि तुमचं घर तिसऱ्या आकड्यावर चालतं. तुमचं आणि त्या मुलाचं बोलणं जुळत नाही ते यामुळे. अपग्रेड करताना प्लॅन बदलला एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात वायफाय जिथून निघतो ती जागाही बदलली, आणि घराच्या दृष्टीने तो बदल जास्त मोठा होता.

म्हणून आधी आज रात्रीची सोय. माळ्यावरचा राऊटर खाली काढा (हे काम नवऱ्याला द्या) आणि टीव्हीच्या वर, पूर्वीच्याच जागी ठेवा. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (राऊटर फक्त वायफाय देतो, बाकीचं काम डबा करतो) असेल तर तो निवडा आणि हॉलमधली ती ९४ वाली वायर त्याला जोडा. तसा मोड नसेल तर थोडी खटपट आहे. राऊटरचा स्वतःचा पत्ता नव्या डब्याच्या पत्त्याशी भिडणार नाही असा करा. डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर राऊटरला १९२.१६८.१.२५० चालेल. मग राऊटरचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि वायर 'वॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये न घालता लॅनच्या पोर्टमध्ये घाला. वॅनमध्ये घातली तर घरात एकात एक अशी दोन नेटवर्कं होतात, मग प्रिंटर सापडत नाही आणि कॅमेरा रुसतो. वायफायला सध्या वेगळं नाव द्या, म्हणजे फोन कुठल्या डब्याला चिकटलाय ते कळेल.

राऊटरच्या उरलेल्या एका लॅन पोर्टमधून हातभर वायर टीव्हीला द्या. बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० चंच असतं आणि तेवढं भरपूर होतं. एचडी मालिकेला पाचेक एमबीपीएस पुरतात, फोर-के चित्राला पंधरा ते पंचवीस. वायरीवर आला की टीव्ही वायफायच्या गर्दीतून बाहेर पडतो. सासूबाईंचा प्रश्न बहुतेक इथेच सुटेल.

एवढं करून तुम्ही ३०० चे पैसे भरून १०० वर परत याल. राग येईल, यायलाच हवा. आता त्या ९४ कडे बघू.

लाइन खरोखर स्लो असेल तर आकडा हलतो : सकाळी २६०, दुपारी २९०, रात्री ७०. तुमचा आकडा हलत नाही. कधीही बघा ९४, म्हणजे मधे कुठेतरी जोडणी १०० वर बांधली गेली आहे. डेटा छोट्या पाकिटांतून, म्हणजे पॅकेटांतून, जातो; त्या शंभरातले काही या पॅकेटांच्या पत्त्या-वेष्टनात जातात आणि हातात ९४-९५ पडतात. पूर्वी तुमचा प्लॅनच १०० चा होता, त्यामुळे हा अडथळा असून जाणवला नाही. कदाचित तो चार वर्षं तिथेच होता.

पहिला संशय वायरीवर. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्याच्या पुढे जायचं तर चारही लागतात. काही केबलवाले चारच तारा क्लिपमध्ये बसवायचे, उरलेल्या चारांवर शेजारचं घर चालवायचे. कधी आठही बसवलेल्या असतात, पण एक तार दाराच्या फटीत चेपून तुटलेली असते. अशा वेळी दोन्ही बाजूची उपकरणं काही न बोलता १०० वर उतरतात, कुठे लाल दिवा लागत नाही. वायरीच्या टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरा आणि रंगीत तारा मोजा. चारच दिसल्या तर शोध तिथेच संपला.

दुसरा संशय नव्या डब्यावर. कंपन्या देतात त्या स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांवर चार पोर्ट असले तरी एकच गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असतो, बाकीचे १०० चे. बहुतेक वेळा 'लॅन १' हा मोठा असतो, काही डब्यांवर 'जीई' (गिगाबिटचा) आणि 'एफई' (१०० चा) असं छापलेलंही असतं. त्या मुलाने जो पोर्ट हाताला आला त्यात वायर खोचली असेल. ती काढून दुसऱ्यात घालायला खर्च शून्य, म्हणून हे सगळ्यात आधी करा.

तिसरा संशय तुमच्या लॅपटॉपवर. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, आपण यूएसबीचा डोंगल लावतो, आणि स्वस्त डोंगल १०० चेच असतात. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १०० आहे की १०००, हे स्पीड टेस्ट न करताही कळतं.

कुठला दोषी ते असं ठरवा : लॅपटॉप घेऊन चपलांच्या कपाटाशी बसा आणि कॅट-६ ची (गिगाबिट झेपणारी) एक छोटी नवी वायर 'लॅन १' ला लावा. तिथे २८०-३०० आले आणि हॉलमध्ये ९४ च, तर दोष जुन्या वायरीचा. ती भिंतीतल्या पाइपातून गेली असेल तर इलेक्ट्रिशियन जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढून घेतो. एवढ्या अंतराला काही शे रुपयांची वायर लागते. मात्र जुन्या राऊटरचे पोर्टही १०० चेच असू शकतात. तसं असेल तर नवी वायर टाकूनही वायफायवर ९४ च्या पुढे जाणार नाही, आणि मग गिगाबिट पोर्टांचा राऊटर घ्यायचा की आहे त्यात भागवायचं हे तुम्ही ठरवा. मी भागवलं असतं.

आता बेडरूमचा १८. घरगुती वायफायचे नेहमीचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो पण मंद असतो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतीपुढे लवकर दम सोडतो. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांपैकी बरेच मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या. दाराजवळच्या कोपऱ्यातून निघालेली लहर बाथरूमच्या टाइल्स, फ्रिज आणि आरशाचं वॉर्डरोब पार करून बेडरूमला पोचेपर्यंत ५ चा पट्टा संपलेला असतो. नवा डबा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, त्यामुळे फोन गुपचूप २.४ वर जाऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं नेट स्लो आहे. मीटिंगमधला तुटका आवाजही त्याच पट्ट्याचा असण्याची शक्यता मोठी आहे, कारण आवाजाला वेग फारसा लागत नाही, पॅकेटं वेळेवर पोचावी लागतात. डब्याच्या सेटिंगमध्ये 'बँड स्टीअरिंग' (फोनला पट्टा आपणहून निवडून देणारी सोय) बंद करून दोन वेगळी नावं देता येतात. कंपनीने ते कुलूपबंद ठेवलं असेल तर पुढच्या वेळी टेक्निशियनकडून करून घ्या.

बंद कपाटात डबा तापतोही. आणि कपाटाचं दार लावताना फायबरची बारीक तार चेपत किंवा काटकोनात वाकत नाही ना, ते बघा. फायबर वाकलं की प्रकाश गळतो. टेक्निशियनकडे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर असतो, रीडिंग विचारा. ते उण्यात येतं : उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे २७ कडे झुकलं असेल तर तार किंवा जोड बदलून मागा.

एक्स्टेंडर मात्र घेऊ नका. भिंतीतल्या सॉकेटला लावायचे ते स्वस्त ठोकळे आधीच अशक्त झालेला सिग्नल पकडून पुढे ढकलतात, आणि एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचंही असल्यामुळे वेग आणखी निम्मा करतात. वायरीने जोडलेला तुमचा जुना राऊटर त्यापेक्षा कितीतरी बरा.

राहिली रात्र. नऊनंतर स्लो होण्याची दोन कारणं असू शकतात, आणि एकावर तुम्ही इलाज करू शकता, दुसऱ्यावर फक्त कंपनी.

पहिलं कारण शेजार. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच : १, ६ आणि ११. तुमच्या मजल्यावरची, वरची, खालची सगळी घरं या तिघांत वाटली जातात, आणि रात्री नऊला सगळ्यांचे टीव्ही चालू असतात. दुसरं कारण कंपनीची वाटणी. घरोघरच्या फायबरमध्ये सर्रास वापरात असलेल्या जीपॉन तंत्रात एका लाइनवर साधारण २.५ जीबीपीएस येतात आणि ते स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांना ३०० विकले तर बेरीज ९,६०० होते. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत म्हणून हे चालतं, आणि त्यात लबाडी नाही, सगळीकडे असंच असतं. लबाडी सुरू होते ती कंपनीने पुढची, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी क्षमता गिऱ्हाइकं वाढली तरी वाढवली नाही तर.

दोन्हींत फरक करायला रात्री दहाला परत कपाटाशी बसा, वायर लावून. वायरीवर ३०० आणि वायफायवर १८ असेल तर तो शेजार आहे, ५ चा पट्टा आणि वायर हाच उपाय. वायरीवरच ६०-७० आले तर दोष कंपनीचा. स्पीड टेस्ट करताना ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं, तो अनेकदा तुमच्याच कंपनीचा असतो, आणि कंपनीच्या अंगणातल्या अंगणात वेग उत्तम दिसतो. म्हणून हाताने दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून टेस्ट करा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर तो तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा. दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा, वेळेसकट. अपलोडचा आकडाही त्यात येऊ द्या, कारण तुमचा चेहरा आणि आवाज मीटिंगमध्ये अपलोडवर जातो आणि काही प्लॅनांत तो डाउनलोडच्या मानाने बराच कमी ठेवलेला असतो.

मेट्रोचं खोदकाम हे कारण मला अर्धंच पटतं. वडाळ्याहून कासारवडवलीला येणाऱ्या मेट्रो ४ च्या कामात आणि एरवीच्या खोदाखोदीत घोडबंदर रोडला केबल तुटतात हे खरं आहे. पण तुमच्या घरची फायबर तुटली तर नेट बंद पडतं आणि डब्यावर 'एलओएस' चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागतो. स्लो होत नाही. कंपनीची मोठी लाइन तुटली आणि वाहतूक दुसऱ्या बारीक लाइनवर वळवली तर गर्दीच्या वेळी स्लो होऊ शकतं, पण ते दुरुस्तीपर्यंत, रोज रात्री नऊला नेमाने होत नाही.

गंमत अशी की तुम्ही नोकरीला जाता त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापेला, देशातली मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तिथून तुमच्या चपलांच्या कपाटापर्यंत यायला डेटाला काही मिलिसेकंद पुरतात, आणि पुढचे तीस फूट त्याला जड जातात.

कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा वापर एकदा बघून घ्या. 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या बऱ्याच प्लॅनांना ३,३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग कापतात. तुमच्या घरात तेवढा वापर होईल असं वाटत नाही. पण कंपनीने ५०, ९० आणि १०० टक्क्यांना कळवायला हवं असा ट्रायचा २०१६ चा आदेश आहे, आणि मर्यादेनंतरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही.

आता ट्राय. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती धोरणं आणि नियम ठरवते. तिच्याच २०१२ च्या नियमांनी आखलेला रस्ता मात्र तुमच्यासाठी आहे. कंपनीच्या तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, द्यायचा. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागायची, त्याला फी नाही, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्याबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्कही नाही.

पण तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, कारण तुमची पहिली मागणी साधी आहे. फोनवर 'स्पीड येत नाही' म्हणू नका, त्यावर त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर तयार आहे. ईमेल किंवा ॲपवर असं लिहा :

'माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. आपल्या प्रतिनिधीने डबा मुख्य दाराजवळच्या बंद कपाटात बसवला. जुन्या वायरीवर ९४ च मिळतात, बेडरूममध्ये वायफायवर १८. (रात्री दहाला डब्याला थेट वायर लावून घेतलेले दोन सर्व्हरचे आकडे सोबत जोडले आहेत.) फायबर हॉलमध्ये टीव्हीजवळ वाढवून द्यावी, दोन्ही वायफाय पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत, ऑप्टिकल पॉवरचं रीडिंग लेखी द्यावं. माझी आधीची तक्रार काम न होता बंद दाखवली आहे, ती पुन्हा उघडावी.'

कंसातलं वाक्य रात्रीची टेस्ट वायरीवरही फसली तरच ठेवा. वायर नीट चालत असेल तर ते काढून टाका, नाहीतर त्याच एका मुद्द्यावर ते बाकीचं झटकून टाकतील.

आणि तो ओटीपी. तक्रार बंद करायची संमती म्हणून तो मागतात. त्या मुलावर वरून दबाव असतो, दिवसाला ठरावीक तक्रारी बंद दाखवायच्या असतात, तो बिचारा 'द्या ना मॅडम' म्हणेल. त्याला चहा द्या, ओटीपी बेडरूममध्ये टेस्ट करून झाल्यावर. डॉकेट नंबर आला की फ्रिजवर तारखेसकट लिहून ठेवा, अपिलाचे दिवस त्यावरूनच मोजावे लागतील.